पाठवणीचा पिकअप

पिकअप म्हटलं की धुळ्यात लोकांच्या डोळ्यांसमोर गाडी येते. कांद्याच्या गोण्या वाहायची, म्हशी न्यायची, आमच्या बँडचे भोंगे बांधायची. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझं भांडण गाडीशी नव्हतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक पट्टी बसवलेली असते. आत चुंबक, त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की ही पट्टी तिचा आवाज पकडते आणि वायरीतून पुढे पाठवते. तिला पिकअप म्हणतात. माझ्या गिटारला असे दोन आहेत. एक मागे, तारा जिथे बांधतात तिथे. त्याचा आवाज करकरीत. दुसरा पुढे, दांडीजवळ. त्याचा आवाज गोल आणि भरलेला. नाचाची गाणी मागच्यावर वाजवायची, पाठवणी पुढच्यावर. पंचवीस वर्षं माझं हे ठरलेलं आहे.

मी नवल. देवपूरला राहतो, झुलाल आबांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी बायको दिपमाला सगळ्यांना सांगते. तिला म्हणावं, भोंग्याच्या शेजारी पंचवीस वर्षं उभी राहून दाखव, मग बोल. पहिल्यांदा मी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजवलं होतं. आबांनी ते ऐकलं आणि जवळ येऊन विचारलं, "लगनमा येशी का?" तेव्हापासून दर हंगामाला मी त्यांच्या गाडीमागे चालतो.

खरं सांगायचं तर नाचाच्या गाण्यांत माझी गिटार कुणाला ऐकू येत नाही. ढोल, ताशा, ऑक्टोपॅड, त्यावर युवराजचा कीबोर्ड, आणि सगळ्यांच्या वर भोंगे. मी नुसता हात हलवला तरी चालेल. पण पाठवणीला सगळं थांबतं. नवरी मांडवातून निघाली की आबा हात वर करतात, ढोलवाले ढोल खाली ठेवतात आणि मी एकटा वाजवतो. युवराज मागे एक खालचा सूर धरून ठेवतो, बस. त्या आठ-दहा मिनिटांसाठी मी बाकीचे चार तास चालतो. नवरीची आई रडते, मावशा रडतात, कधी कधी पोलीसपाटीलसुद्धा डोळे पुसतो. हे माझ्या हातात आहे, याचा मला गर्व आहे. होता म्हणा, आहे म्हणा.

यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला शिरपूरकडच्या एका लग्नात पाठवणी झाली आणि आबांनी मला बाजूला घेतलं. सत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, बोलताना खांद्यावर हात ठेवायची सवय.

"नवल, तुन्ही गिटार कानमा खुपस रे."

मी म्हणालो, "खुपस? आबा, ती त बसेल शे! गोधडीमाईन वाजी राहिनी अशी लागस."

"खुपस," आबा म्हणाले. "बायास्नी कानले पदर लाया."

आता सांगा, यातून माणसाने काय समजावं? मला जो आवाज बसका, झाकलेला वाटत होता, तो ह्यांना टोचत होता. मी तर उलट गेले वर्षभर त्या पुढच्या पिकअपवर वैतागलो होतो. पूर्वी त्यातून सूर निघाला की त्याला एक कड असायची. बोट तारेवर घासल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा. आता नुसता डोणातल्या पाण्यासारखा गडद आवाज. म्हणून मी थोडी थोडी करत मिक्सरवरची वरची पट्टी, म्हणजे ट्रेबल, चढवत आणली होती. चढवून चढवून ती शेवटाला टेकली तरी कड येत नव्हती. आणि हे म्हणतात खुपतं.

आबांनी पुढे जे सांगितलं, ते मात्र नीट समजलं. "बावीस तारीखले अमळनेरनं लगन शे. मोठं घर शे. तोवर तुन्हं नीट कर. नहीतं पाठवणी युवराज वाजाडी."

युवराजच्या कीबोर्डमध्ये गिटारचा आवाज आहे. बटण दाबलं की वाजते. खोटी वाजते, पण वाजते. आणि पाठवणी युवराजकडे गेली की बँडमध्ये मी कशाला? नाचाच्या गाण्यांत हात हलवायला कुणी माणूस ठेवत नाही. आबांनी हे बोलून दाखवलं नाही, पण मलाही एवढी अक्कल आहे. दोन आठवडे होते. दोन आठवड्यांत पिकअप बदलायचा, नाहीतर गिटार खुंटीला.

घरी आलो तर दिपमाला ओसरीत कॉइल भरत बसली होती. तिच्या भावाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्याच्याकडे येतात आणि तारेचे वेढे भरायचं काम ती घरी बसून करते. वेढे मोजताना ती कुणाशी बोलत नाही. ओठ हलत असतात, बोट फिरत असतं. मी गिटार तिच्यासमोर आदळली. तिने आधी वेढे पुरे केले, मग मीटरच्या दोन सुया पिकअपच्या तारांना लावल्या.

"कॉइल बरोबर शे," ती म्हणाली. "तार तुटेल नही, बळेल नही."

"म्हंजे मी खोटं बोलस?"

"मी कोठे काय म्हनं? कॉइल खोटं बोलस नही, इतलंच."

मी चिडलो. मोटारीची कॉइल आणि गिटारची कॉइल यात फरक असतो, असं तिला ऐकवलं. तिने मान हलवली आणि पुढची कॉइल घेतली. ही बाई भांडत नाही, हीच तिची खोड आहे.

मग मी मोबाइलवर बसलो. दांडीजवळचा पिकअप कोणता चांगला, एवढंच मला पाहिजे होतं. निघाले शेकडो. कुणात एक गुंडाळी, कुणात दोन. चुंबकात पुन्हा जाती. एका जातीचं चुंबक मऊ, दुसऱ्या जातीचं कडक, तिसरं स्वस्त पण जोरकस. ज्यांनी विकत घेतले त्यांनी खाली अभिप्राय लिहिले होते. एक लिहितो, आवाज लोण्यासारखा आहे. दुसरा लिहितो, दुधाळ. तिसरा मधासारखा म्हणतो, चौथा धुरकट. मला आवाज पाहिजे होता, ह्यांनी न्याहारी मांडली होती. ओळखीच्या दोन-चार वाजवणाऱ्यांना फोन केले. एक म्हणाला, पिकअप तारांच्या जवळ आण. दुसरा म्हणाला, लांब कर. तिसरा म्हणाला, पिकअपला हात लावू नकोस, वायर बदल. फोन ठेवला तेव्हा मला आधीपेक्षा कमी कळत होतं.

शेवटी एका ठिकाणी 'काचेसारखा स्वच्छ' असं लिहिलेलं दिसलं. काच म्हणजे कड. मला कडच पाहिजे होती. मागवला. चौथ्या दिवशी आला. दिपमालाने डाग देऊन तो गिटारला जोडला. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. छोट्या अँपला लावून वाजवून पाहिलं. नखभर फरक वाटला. ट्रेबल पूर्ण चढवली, तेव्हा कुठे थोडी कड आली.

"आते?" मी विचारलं.

"गॅसवर दूध शे," म्हणून ती आत गेली.

त्या आठवड्यात एक हळदीचा कार्यक्रम होता. हळदीला पाठवणी नसते, पण बायकांच्या फर्माइशी असतात, संथ गाणी असतात. मी नवा पिकअप लावून उभा राहिलो. दुसऱ्याच गाण्याला नवरदेवाचा मामा उठून आला आणि युवराजच्या कानात काहीतरी बोलला. युवराजने माझ्याकडे पाहून दोन्ही हातांनी 'खाली घे' अशी खूण केली. मी घेतलं नाही. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला. पोरगा वाईट नाही, तिशीचा आहे, मला मानही देतो. पण त्या दिवशी त्याची जीभ घसरली.

"नवलभाऊ, पिकअपवर पिकअप बदली राहिनात. नाचता येईना, अंगण वाकडं."

मी गिटारचा पट्टा गळ्यातून काढला आणि त्याच्या अंगावर धावून गेलो. आबा मधे आले म्हणून वाचला. आबांनी दोन बोटं दोनदा वर करून दाखवली. बावीस तारीख.

मी खरोखर चक्रावून गेलो होतो, हे कबूल करतो. पिकअप जितका करकरीत आणावा, तितका मला जेमतेम ऐकू यावा आणि लोकांना तितका जास्त टोचावा. एकच आवाज दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा कसा होईल? भोंग्यात काही घोटाळा आहे का, म्हणून भोंगे उघडून पाहिले. वायर बदलली. कमी दाबाची वीज असलेल्या गावात आवाज बिघडतो, असं एक जण म्हणाला, तर जनरेटरवर वाजवून पाहिलं. मग संशय आला की सगळे मिळून मला काढायला बघताहेत. आबांनी युवराजला आधीच शब्द दिला असेल, आता निमित्त शोधताहेत. दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी दिपमाला म्हणाली, "जळगावले जाऊत. भूषणकडे."

भूषण म्हणजे मेहरूणला गिटार दुरुस्त करणारा माणूस. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, ती सोडून परत आला. अख्ख्या खानदेशातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी त्याच्याकडे जातात. मला तारही जळगावहून आणायची आहे, असं दिपमाला म्हणाली. मला ते पटलं नाही, पण सोबत म्हणून बरं वाटलं. सकाळची एसटी धरली. अमळनेरला चहा घेतला, धरणगावला गाडी अर्धा तास उभी राहिली, आणि तेवढ्यात मी ड्रायव्हरशी भांडून घेतलं.

भूषणची खोली पहिल्या मजल्यावर. खिडकीतून तलाव दिसतो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरची एक गिटार काढली. तिच्या पाठीतून त्याने खाच कोरली होती. तारा न सोडता मागून पिकअप सरकवायचा, वाजवायचा, काढायचा, दुसरा सरकवायचा. मला ती युक्ती फार आवडली. त्याने टेबलावर सहा पिकअप मांडले, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून आकडा लिहिला.

"भाऊ, तुमच्याच हाताने वाजवा," तो म्हणाला. "एकच धून. पाठवणीची."

पहिला लावला. बसका. दुसरा लावला, तो बसका. तिसरा तर मेलेलाच, त्यात काही जीवच नव्हता. चौथा थोडा बरा, पाचवा पुन्हा तसाच. सहाव्याला मी वैतागून हात काढला.

"सगळे एकाच गोणीतले," मी म्हणालो. "तुम्ही लोक नुसती नावं वेगळी देता."

भूषणने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "भाऊ, तिसरा आणि पाचवा तुम्हाला सारखे वाटले?"

"सारखे नाही, पण फरक काय आहे?"

"ज्वारी आणि मिरचीत जेवढा असतो तेवढा."

त्याने लॅपटॉप उघडला. मी वाजवलेलं सगळं त्याने त्यात साठवलं होतं. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. खालचे सूर डावीकडे, वरचे उजवीकडे. तिसऱ्या पिकअपचं चित्र उजवीकडे उतरत गेलं होतं. पाचव्याचं उजवीकडे पार वर टेकलं होतं. डोळ्यांना फरक दिसत होता. कानांना दिसत नव्हता. मी त्याला म्हणालो, तुझं मशीन बिघडलंय.

भूषणने लॅपटॉप बाजूला सारला. त्याने मोबाइल काढला, त्यावर काहीतरी सुरू केलं आणि माझ्यासमोर धरला.

"येतंय ऐकू?"

"काय?" मी म्हणालो. "फोन सायलेंटवर आहे तुझा."

आणि मी सहज दिपमालाकडे पाहिलं. तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. तोंड कडू झालं होतं. माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

खोलीत आवाज होता. फोन वाजत होता. माझ्या बायकोला तो सहन होत नव्हता आणि माझ्यासाठी खोली शांत होती. भूषण बोटाने पडद्यावरचा ठिपका खाली खाली ओढत होता. आता? नाही. आता? नाही. आता? बऱ्याच वेळाने एक बारीक शिट्टी आली, भिंतीपलीकडून यावी तशी. दिपमालाने तोवर हात काढले होते.

"आता आला," मी म्हणालो. माझा आवाज मला माझ्याच डोक्यात ऐकू आला, एवढंच.

"भाऊ," भूषण हळू म्हणाला, आणि मग आठवण होऊन मोठ्याने म्हणाला, "पिकअप बदलून हे होणार नाही. कान दाखवा."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी म्हण माझे वडील वापरायचे. रेडा मी होतो. पंचवीस वर्षं भोंग्यापासून दोन हातांवर उभा राहिलो, आणि कानांपर्यंत विचार पोचला नाही. आमच्या भागात कापसाला तोटा नाही. धरणगावला मघाशी एसटीतून कापसाच्या गंज्या पाहिल्या होत्या. त्यातलं चिमूटभर कानात घालायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आणि कळणार तरी कसं? गाडीजवळ बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून आमचं सगळं खुणांवर चालतं. आबांचा हात वर, हात खाली. युवराजची भुवई. पाणी पाहिजे तर अंगठा. बँडमधल्या माणसाला बहिरं व्हायला धंदाच मदत करतो.

मी दिपमालाला विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"दोन वरीस व्हयनात," ती म्हणाली.

मग मी ओरडलो. भूषणच्या खोलीत, परक्या माणसासमोर, आयुष्यात ओरडलो नसेन तसा ओरडलो. दोन वर्षं तू मला मूर्ख बनवलंस म्हणालो. तिने ओरडू दिलं.

"सांगी काय फायदा?" ती शेवटी म्हणाली. "तुम्ही गिटार टांगी देतात, आन जलमभर घरमा बशीसन मन्हावर चिडतात. माले वाटनं, नवा पिकअप लावाथीन लोकस्नं भागी जाई. तुम्हले कळावं नही."

म्हणजे तिने मला जळगावला आणलं ते पिकअप घ्यायलाच. फोनचं भूषणने परस्पर केलं. मला तिचा राग आला, आणि रागाच्या आत दुसरंच काहीतरी आलं, त्याला मी नाव देणार नाही.

भूषणने चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "मग भाऊ, कोणता देऊ?"

हा प्रश्न किती वेडा आहे बघा. ज्याला फरक ऐकू येत नाही, त्याला विचारतात कोणता पाहिजे. पण बावीस तारीख तशीच उभी होती. अमळनेरच्या लोकांचे कान शाबूत होते. मी सहाही पिकअपांवर पुन्हा एकदा धून वाजवली. या वेळी मी स्वतः ऐकायचा प्रयत्न सोडला आणि दिपमालाकडे पाहत वाजवलं. पहिल्याला ती नुसती बसली होती. दुसऱ्याला तिने डोळे किलकिले केले. तिसऱ्याला तिने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. चौथा, पाचवा, सहावा मी उरकले.

"तिसरा," ती म्हणाली.

"तो मेलेला आहे!" मी म्हणालो. "त्याच्यात काही नाही."

"तुमनाकरता मरेल व्हई," ती म्हणाली. "त्यावर माले मन्ही माय याद उनी."

मला त्याच्यावर काहीच आठवलं नव्हतं. एक धपधप, खालून वाहणारं काहीतरी, बस. तो पिकअप कोणत्या कंपनीचाही नव्हता. एका भंगारातल्या गिटारमधून भूषणने काढून ठेवला होता, कुणी हाताने वेढे भरलेला असावा, असं तो म्हणाला. दिपमालाने तो हातात घेऊन उलटा करून पाहिला आणि वेढे ढिले आहेत पण माणूस मनापासून बसलाय, असा निकाल दिला. तो आम्ही घेतला. गिटारवरची बटणं किती फिरवायची तेही तिनेच ऐकून ठरवलं आणि भूषणने तिथे लाल चिकटपट्टीची खूण केली. मिक्सरवर ट्रेबल किती ठेवायची, ते कागदावर लिहून दिलं. माझ्या गिटारवरचं माझं राज्य त्या लाल पट्टीपाशी संपलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले आणि एक कागद हातात दिला. त्यावरची रेघ डावीकडून सरळ चालत यायची आणि मधेच विहिरीत उतरल्यासारखी खाली जायची. वरचे सूर गेले आहेत म्हणाले. परत येत नाहीत. राहिलेले जपा. बोलणं नीट कळावं म्हणून मशीन मिळेल, पण गिटार पूर्वीसारखी ऐकू येईल का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण लावलं. मला उत्तर समजलं.

बावीस तारखेला अमळनेरला गाडी उभी राहिली. वरात निघण्याआधी मी आबांना बाजूला घेतलं. लपवून वाजवणं माझ्याच्याने होणार नव्हतं. सरळ सांगितलं, "आबा, मन्हा कान गयात. पिकअप बायकोनी निवडेल शे. कसा वाजस ते माले माहीत नही."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"माले त धा वरीस व्हयनात," ते म्हणाले. "मी कोठे ऐकस?"

"मंग खुपस म्हनीसन कसं सांगं तुम्ही?"

"युवराजनी सांगं. मी त बायास्ना तोंडकडे देखस. पाठवणीले बाया रडन्यात म्हंजे सूर बरोबर. त्या दिन कानले पदर लाई उभ्या व्हत्यात." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "वाजाड. आज बी देखसू. पण बाया नही रडन्यात, तं मंग नवल, मन्हाबी इलाज नही."

पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या 'वा' साठी मी जीव टाकला, त्याला त्यातली दहा वर्षं मी ऐकूच येत नव्हतो. हसावं की रडावं, मला कळेना. वरात सुरू झाली आणि चार तास मी कसा चाललो, ते आठवत नाही.

मग मांडवातून नवरी निघाली. आबांनी हात वर केला. ढोल थांबले. मी पुढचा पिकअप लावला आणि पहिला सूर काढला.

काही नाही. धपधप. गोधडीखालून कुणीतरी बोलतंय. माझी करंगळी आपोआप बटणाकडे गेली. थोडंसं फिरवलं असतं तर मला थोडीशी कड मिळाली असती. नखाला चिकटपट्टी लागली. मी बोट मागे घेतलं. पुढची ओळ वाजवली. बोटांना धून पाठ आहे, ती कानांना विचारत नाहीत. मी आबांसारखं केलं, तोंडांकडे पाहिलं. नवरीची आई दाराशी उभी होती, हातात ओटीचं ताट. पहिल्यांदा तिचं लक्षच नव्हतं, कुणाला तरी पेटी गाडीत ठेवायला सांगत होती. दुसऱ्या कडव्याला ती सांगता सांगता थांबली. तिने माझ्या दिशेने पाहिलं. मग तिचं तोंड हळूहळू वाकडं झालं, ताट कुणीतरी तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिने लेकीला मिठी मारली. मावशा आल्या, आत्या आल्या. कुणाच्याही कानाला पदर नव्हता, सगळ्यांचे डोळ्यांना होते. आबांनी माझ्याकडे वळून मान डोलावली.

जागा राहिली. आबांनी मान डोलावली तेव्हाच ते मला कळलं, आणि त्याच वेळी दुसरंही कळलं. समोर पन्नास माणसं ज्या आवाजाने रडत होती, तो आवाज मी काढत होतो, आणि आबा सोडले तर तो न ऐकणारा मी एकटा होतो. इतका सुंदर तो कधी वाजला नव्हता, असं नंतर युवराजने स्वतः येऊन सांगितलं. असेल. मला आयुष्यात तो पुन्हा ऐकायला मिळणार नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात गिटारवर होते, पुसणार कसं? तसंच वाहू दिलं आणि धून पुरी केली.

नवरीची गाडी गेली. मी वायर गुंडाळत होतो, तेवढ्यात नवरीची आई माझ्याजवळ आली. नाक लाल, पदर ओला. माझ्या समोर उभी राहून, तोंडाकडे पाहून बोलली, म्हणून मला सगळं नीट ऐकू आलं.

"भाऊ, पोर मन्ही गई, आन तुम्ही काब्र रडी राहिनात?"

"मन्हं बी कोनी गयं, अक्का," मी म्हणालो.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. मीही नुकतीच लेक दिली असेल, असं तिला वाटलं असणार. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरच्या लेकी माहेरी येतात. "रडू नका," ती म्हणाली. "आखाजीले येईच ना माहेरले."

मी हो म्हणालो.